पाटी पर्समध्ये गेली

मार्च जवळ आला की न्यू जर्सीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत, पुस्तकांच्या कपाटापाशी कुणी ना कुणी आई मला गाठते. "ताई, हिला शाळेत अमेरिकेच्या इतिहासातल्या एका बाईवर प्रोजेक्ट करायचाय. 'हिडन फिगर्स' सिनेमा दाखवला तर पुरेल ना? की पुस्तक वाचायलाच लावू?" मार्च हा इथे स्त्रियांच्या इतिहासाचा महिना. १९८७ पासून तो सरकारी मान्यतेनं पाळला जातो, त्यामुळे हा प्रश्नही दरवर्षी ठरलेला. घाईत मी दर वेळी अर्धंच उत्तर देते. तुम्ही परत विचारलंत म्हणून आज पूर्ण सांगते.

सिनेमा जरूर दाखवा. मीही लेकीला घेऊन २०१७ च्या जानेवारीत थिएटरात गेले होते. व्हर्जिनियातल्या लँगली या विमानं आणि अवकाशयानांवर काम करणाऱ्या, पुढे नासाच्या झालेल्या संशोधन केंद्रात आकडेमोड करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय बायकांची ही गोष्ट: कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन. तेव्हा 'कॉम्प्युटर' हे यंत्राचं नाव नव्हतं, ते या बायकांचं पद होतं. सिनेमात कॅथरीनला स्वच्छतागृहासाठी फायली छातीशी धरून अर्धा मैल पळावं लागतं. शेवटी तिचा गोरा साहेब सगळ्यांदेखत स्वच्छतागृहावरची 'कलर्ड', म्हणजे कृष्णवर्णीयांसाठीची, पाटी फोडून काढतो. आमच्या थिएटरात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. गाडीत बसल्यावर लेकीनं विचारलं, "आई, तो साहेब खरा होता?"

मला माहीत नव्हतं. म्हणून मार्गो ली शेटर्ली यांचं मूळ पुस्तक आणलं. त्या लँगली जिथे आहे त्या हॅम्प्टन शहरातच वाढल्या, वडील लँगलीत शास्त्रज्ञ होते. ज्या बायकांबद्दल त्यांनी लिहिलं, त्या लहानपणापासून त्यांच्या ओळखीच्या. पुस्तकात तो साहेब नाही. पाटी फोडण्याचा प्रसंगही नाही. खरी कॅथरीन तर पळतच नव्हती. ज्या स्वच्छतागृहावर पाटी नव्हती, तिथे ती सरळ जात राहिली. अपमान झाला होता मेरी जॅक्सनचा. १९५३ मध्ये तिला कामासाठी केंद्राच्या दुसऱ्या भागात पाठवलं होतं. तिथल्या गोऱ्या बायकांना तिनं स्वच्छतागृह कुठे आहे विचारलं, तर त्या हसल्या. तुमचं कुठे असतं ते आम्हाला काय ठाऊक, म्हणाल्या.

आणि पाटी? पाटी होती, पण जेवणाच्या हॉलमध्ये. कृष्णवर्णीय बायकांना लँगलीत नोकऱ्या मिळू लागल्या त्या १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. मागच्या एका टेबलावर पुठ्ठ्याची पाटी ठेवलेली असे, 'कलर्ड कॉम्प्युटर्स'. दिवसभर गोऱ्या इंजिनिअरांसाठी गणितं सोडवायची आणि दुपारी त्या पाटीमागे बसून जेवायचं. त्यांच्यात मिरियम मॅन नावाची ठेंगणी बाई होती, रसायनशास्त्र शिकलेली. एक दिवस तिनं ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तीही पर्समध्ये गेली. पुन्हा नवी आली, पुन्हा गेली. यावरून नोकरी जाईल म्हणून घरी नवरा धास्तावला होता, पण तिनं ऐकलं नाही. अखेर एक दिवस नवी पाटी आलीच नाही.

हे वाचलं आणि थिएटरातल्या माझ्या टाळ्या मला बोचल्या. एका बाईनं नोकरी पणाला लावून, कुणाचं लक्ष नसताना, पुन्हा पुन्हा केलेलं काम पडद्यावर एका पुरुषाच्या एका घावात गेलं. आणि सिनेमा तर बायकांचा गौरव करायला निघाला होता! बनवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पर्समध्ये गुपचूप जाणारी पाटी दाखवायला अवघड असेल. पण आपल्या मुलींना तीच दाखवायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं.

पुस्तकात असं पुष्कळ आहे. इंजिनिअर व्हायला लागणारे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरत. तिथे बसायला मेरीला शहराकडे खास परवानगी मागावी लागली. १९५८ मध्ये ती इंजिनिअर झाली. बायका बैठकांना येत नाहीत असं ऐकल्यावर कॅथरीननं विचारलं, तसा कायदा आहे का? १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरायला निघाला, तेव्हा यंत्रानं काढलेले आकडे 'त्या मुलीकडून' तपासून घ्या म्हणाला. 'ती मुलगी' म्हणजे कॅथरीन, त्रेचाळीस वर्षांची होती, तीन मुलींची आई होती.

मराठी शाळेत बसून अमेरिकन बायकांचं काय सांगता, असं एका आजोबांनी एकदा मला विचारलं होतं. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून दिली. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो १८८६ चा समारंभ पाहायला त्या फिलाडेल्फियाला आल्या, आणि १८८८ पर्यंत या देशात फिरल्या. १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे त्यांचं पुस्तक निघालं. त्यात इथल्या बायकांच्या स्थितीवर मोठं प्रकरण आहे. इथला वर्णभेदही त्यांनी झाकला नाही.

तर असं करा. शनिवारी सिनेमा बघा, सगळे मिळून. रविवारी मिरियम मॅनची पानं लेकीला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि दोन्हींत काय वेगळं आहे ते तिलाच शोधू द्या. पूर्ण पुस्तक जड गेलं तर लहान वाचकांसाठीची आवृत्ती आहे, अगदी छोट्यांसाठी चित्रांचंही आहे. मोठी प्रत आमच्या कपाटात मिळेल. जेवणाच्या हॉलच्या पानाशी मी लाल दोरा घातलाय, तो तेवढा काढू नका.