टॅक्स वाढवायचा तर दोन तृतीयांश मतं: कॅलिफोर्नियाची प्रॉप १३

आमचं आणि शेजारच्या आजींचं घर अगदी सारखं आहे, तेवढ्याच खोल्या, तेवढंच अंगण, पण प्रॉपर्टी टॅक्स त्या भरतात त्याच्या कितीतरी पट आम्ही भरतो, कारण त्यांनी घर घेतलं सत्तरच्या दशकात आणि आम्ही आत्ता.

हे सगळं प्रॉपोझिशन १३ मुळे. प्रॉपोझिशन, म्हणजेच प्रॉप, हा मतदारांसमोर थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव. तेव्हा घरांच्या किमती भराभर चढत होत्या, टॅक्सही चढत होता आणि पेन्शनवाल्यांना राहतं घर परवडेना. मग हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या टॅक्सविरोधी कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणला आणि जून १९७८ मध्ये जवळपास ६५ टक्के लोकांनी हो म्हटलं. टॅक्सचा मूळ दर १ टक्का, आणि घर विकेपर्यंत टॅक्ससाठी धरलेली त्याची किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढणार. आजी आपल्या घरात राहू शकल्या, याचा मला आनंदच आहे.

पण त्याच प्रस्तावात आणखी एक कलम होतं, आणि माझा खरा आक्षेप त्याला आहे. राज्याचा टॅक्स वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. म्हणजे ४० जणांच्या सिनेटमध्ये १४ जण अडून बसले की विषय संपला. बजेटलाही तेव्हा हीच अट होती, त्यामुळे दरवर्षी रखडायचं, २००९ मध्ये तर राज्याने लोकांना चेकऐवजी 'पैसे नंतर देऊ' अशा चिठ्ठ्या दिल्या! मग नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी प्रॉप २५ ने बजेट साध्या बहुमतावर आणलं, आणि त्याच दिवशी प्रॉप २६ ने टॅक्सची अट आणखी आवळली, कित्येक फीसुद्धा टॅक्समध्ये धरल्या. खर्च साध्या बहुमताने ठरवायचा आणि त्यासाठी पैसा उभा करायला दोन तृतीयांश, असं राज्य कसं चालवायचं सांगा?

आपल्याकडे जीएसटी कौन्सिलमध्येही तीन चतुर्थांश मतं लागतात, पण तिथे सरकारं बसतात. इथे अट मतदारांनी राज्यघटनेत घातलीये, बदलायची तर परत त्यांच्याकडेच जायचं.

आणि हे शाळेपर्यंत येतं. शाळेसाठी स्कूल डिस्ट्रिक्ट जो पार्सल टॅक्स (घराच्या किमतीवर नाही, तर प्रत्येक मालमत्तेवर लावलेला टॅक्स) मागतं, त्यालाही दोन तृतीयांश मतदार लागतात. खुद्द प्रॉप १३ ला जेवढी मतं पडली तेवढी त्याला पडली तरी तो नापास! शाळांच्या इमारतींच्या बाँडसाठी २००० मध्ये प्रॉप ३९ ने ही अट ५५ टक्क्यांवर आणली, मग शिक्षकांच्या पगाराला लागणाऱ्या पैशासाठीही तीच आणायला हवी, तसा प्रस्ताव आला तर माझं मत नक्की.