अंगात वारां इल्यार

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणजे मालवणात एकसष्ट दिवस तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, घरी, सगळ्यांच्या पायांत घोटाळत. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ याच दिवसांत रंगतो: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट पुढे न्यायची आणि काय घडलं ते फाशांनी ठरवायचं. जागा आमची पडवी. पत्र्यावर पाऊस असा की फासा पडल्याचा आवाज येत नाही, आकडा ओरडून सांगावा लागतो. मास्तर डीएम (गोष्ट सांगणारे, नियम लावणारे), पुण्याहून पुस्तक घेऊन आलेला माझा भाचा, तांडेल आणि मी. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्रांच्या माहितीचे कागद, माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून येतात, त्यामुळे मी कितीही वाईट खेळलो तरी मला कोणी काढत नाही.

यंदा तांडेलाला एकाच अंगात दोन माणसं हवी होती. एक लेव्हल बार्बेरियन, म्हणजे रागाने लढणारा रानटी योद्धा, आणि दोन लेव्हल ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारा निसर्गाचा मांत्रिक. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे त्यासाठी ताकद आणि शहाणपण दोन्ही निदान १३ लागतात. फासे त्याच्या बाजूने पडले. ड्रुइडांतलाही त्याने चंद्राचा पंथ घेतला, कारण त्यात दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल होता येतं. नाव अर्थातच जांबुवंत.

पहिल्याच लढाईत घोळ. दलदलीत सरडेमाणसं आली. जांबुवंताने आधी शत्रूंच्या अंगावर उजेड चढवणारा मंत्र टाकला, आणि पुढच्या टर्नला तांडेल गरजला, "रेज!" मास्तरांनी शांतपणे सांगितलं, उजेड विझला. रेजमध्ये, म्हणजे बार्बेरियनचा राग अंगात असताना, नवा मंत्र टाकता येत नाही आणि आधी टाकलेल्यावर कॉन्सन्ट्रेशनही, म्हणजे तो चालू ठेवणारं लक्षही, टिकत नाही.

"मगे मी मंत्र कित्याक घेतलंय?" तांडेल माझ्यावरच भडकला. सल्ला माझा होता ना.

आजी कोपऱ्यात भाजलेल्या आठळ्या सोलत बसली होती. तिला या खेळातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण रेज म्हणजे काय ते भाच्याने तिला समजावलं, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "अंगात वारां इल्यार पोथी कोण वाचता रे?"

इतकं सरळ पुस्तकातसुद्धा लिहिलेलं नाही.

माझी चूक जुनीच होती. मागच्या पावसात मी बार्बेरियन आणि मंक (हातापायांनी लढणारा साधू) एकत्र केले होते. दोघांनाही चिलखताशिवाय बचाव मिळतो. एकाचा चपळाई आणि काटकपणावर, दुसऱ्याचा चपळाई आणि शहाणपणावर. मी खुशाल तिन्हींची बेरीज करून बसलो. नियम असा की आधीच्या क्लासकडून तो बचाव मिळाला असेल, तर दुसऱ्याकडून मिळतच नाही. एकावर एक दोन इरली घेतली म्हणून पाऊस दुप्पट अडत नाही.

जांबुवंताचं मात्र तसं नव्हतं. त्याचं भांडण बेरजेचं नव्हतं, वेळेचं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तांडेल आणि मी कागदावर मांडत बसलो. या पंथाच्या ड्रुइडाला टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये अस्वल होता येतं. रेजलाही बोनस अ‍ॅक्शनच लागते, आणि एका टर्नला ती एकच. म्हणजे पहिल्या टर्नला अस्वल व्हायचं आणि पंजा मारायचा, दुसऱ्या टर्नला रेज. अस्वलाचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, ३४. रेजमध्ये शस्त्रांचा मार निम्माच लागतो, म्हणजे भाले-तलवारींनी त्याला लोळवायला जवळपास ६८ चा मार हवा. तांडेलाचे डोळे चमकले. जाळ्यात सुरमई दिसली की चमकतात तसे.

आणि मंत्र? अस्वलाच्या रूपातही टाकता येत नाहीत. पण स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची ठरावीक संधी) खर्चून जखम भरता येते. ते मंत्र टाकणं नव्हे, त्यामुळे रेज आड येत नाही. शिवाय एका मंत्राने दहा फळं तयार होतात. एक खाल्लं की एक हिट पॉइंट, दिवसभराची भूकही भागते, आणि ती चोवीस तास टिकतात. कॉन्सन्ट्रेशनची कटकट नाही. पुस्तकात ती नुसती फळं आहेत, आमच्याकडे ती करवंदं झाली. लढाईत खायला मात्र टर्नची मुख्य कृती, म्हणजे अ‍ॅक्शन जाते. त्या फेरीत स्वतः हल्ला केला नाही आणि मारही बसला नाही, तर रेजच उतरतो. तेव्हा जांबुवंताने सकाळी करवंदं करायची, वाटायची, आणि मग दिवसभर डोकं फिरवून घ्यायला मोकळा. "भाकरी बांधून होडी ढकलूची," तांडेल म्हणाला.

भाच्याला हे पटलं नाही. त्याच्या मते निव्वळ ड्रुइड ठेवला असता तर एव्हाना दुसऱ्या पायरीचे मंत्र हातात आले असते. हिशोबाने त्याचं बरोबर आहे. पण त्याने तांडेलाला अस्वल होऊन ओरडताना ऐकलंय, त्यामुळे जास्त ताणलं नाही.

३१ जुलैच्या रात्री खेळ अर्ध्यावर थांबला, तांडेलाला बंदरावर जायचं होतं. जांबुवंताच्या शीटवर सहा करवंदं शिल्लक होती. चोवीस तासांत ती बाद होणार म्हणून भाचा खोडायला निघाला, तर मास्तरांनी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. खेळातली संध्याकाळ अजून झाली नव्हती.