कानात कापसाचे बोळे नकोत, फोमचे प्लग घ्या

नाशिकहून बुलेटवर मुंबई गाठणारे सायलेन्सरला नावं ठेवतात. पण हायवेच्या वेगात कान खातो तो हेल्मेटभोवतीचा वारा. 85 डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला मुदत निम्मी होते. कापूस जवळपास निरुपयोगी. फोमचा प्लग कोरड्या, स्वच्छ बोटांनी बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. निम्मा बाहेर राहिला तर बसलाच नाही. काढून पुन्हा वळा.

नाशिकच्या ओझर विमानतळावरून विमानात बसलात तर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिनाची घरघर मारतो, रडणारं पोर मात्र (दुर्दैवाने!) ऐकू येतंच. उतरताना बसणारा दडा हवेच्या दाबाचा. त्यावर आवंढा गिळा.