नऊ सामने जिंकणारा माणूस

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मधोमध पसरलेले मक्याचे, सोयाबीनचे आणि गुरांचे राज्य. लोकसंख्या जेमतेम 20 लाख. व्यावसायिक फुटबॉल, बेसबॉल किंवा बास्केटबॉलचा अव्वल दर्जाचा एकही संघ इथे नाही. जे काही आहे ते लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ, म्हणजे हस्कर्स. आणि हा फुटबॉलही आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे, तर डोक्यावर हेल्मेट चढवून, अंडाकृती चेंडू छातीशी धरून समोरच्यावर तुटून पडण्याचा. 1962 पासून इथल्या मेमोरियल स्टेडियममध्ये झालेल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत आणि असे सामने आता चारशेच्या पुढे गेले आहेत. सामन्याच्या शनिवारी लाल कपड्यांतले सुमारे 85 हजार लोक तिथे जमतात, तेव्हा ओमाहा आणि लिंकन यांच्याखालोखाल ते स्टेडियमच राज्यातले तिसरे मोठे शहर ठरते. इथली मराठी मंडळीसुद्धा गणपतीचा सार्वजनिक कार्यक्रम किंवा घरचा सत्यनारायण ठरवताना पंचांगाच्या आधी हस्कर्सचे वेळापत्रक उघडतात, कारण त्या दिवशी घरचा सामना निघाला तर आरतीला गुरुजी आणि यजमान एवढेच उरण्याची धास्ती असते.

अशा राज्यात राहायचे तर एका प्रश्नावर प्रत्येकाला मत असावेच लागते: हेड कोचला ठेवायचे की काढायचे? किराणा दुकानाच्या रांगेत, सोमवारच्या मीटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत, एवढेच काय, दंतवैद्याच्या खुर्चीत आपले तोंड उघडे आणि त्यात उपकरण असतानाही हा प्रश्न विचारला जातो. संघ हरल्यावर तो उठावा हे समजण्यासारखे आहे. पण संघ जिंकला तरी तो उठतो, कारण मग एवढ्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी एवढ्या थोड्या फरकाने का जिंकलो, याचा जाब कोचलाच द्यायचा असतो. नव्याने आलेल्या माणसाला हे सगळे पोरकट वाटते. दोन-तीन हिवाळे काढले की तोही हिरीरीने भांडू लागतो. मीही त्याला अपवाद नाही.

या वादात मला सर्वांत मौज वाटते ती याची की, दोन्ही बाजू साक्षीला एकच इतिहास उभा करतात. 2003 साली फ्रँक सोलिच हेड कोच होते. ते स्वतः याच संघातून खेळलेले, पुढे आधीचे हेड कोच टॉम ऑस्बॉर्न यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबलेले, आणि 2001 च्या हंगामात संघाला राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेलेले. 2003 च्या नियमित हंगामात त्यांनी नऊ सामने जिंकले, तीन हरले आणि नोकरी गमावली. संघाची घसरण सामान्यपणाकडे होऊ द्यायची नाही, अशी तेव्हाच्या ॲथलेटिक डायरेक्टरांची, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडाविभागाच्या प्रमुखांची, भूमिका होती. त्यांच्या जागी व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलाहन आले आणि पहिल्याच वर्षी संघाने पाच सामने जिंकून सहा हरले. विजयांपेक्षा पराभव जास्त, असे 1961 नंतर प्रथमच घडले. त्यांच्या पाठोपाठ 2008 मध्ये आलेले बो पेलिनी तापट, पंचांवर उखडणारे. पण त्यांच्या पहिल्या सहा हंगामांत नऊ किंवा दहा विजय आणि हमखास चार पराभव, असा जणू नेमच होता. या नेमाचाच लोकांना वीट आला. ‘नऊ विजय’ हे शब्द इथे एखाद्या शिवीसारखे उच्चारले जात, कारण ते चार पराभव नेमके मोठ्या सामन्यांत आणि मोठ्या फरकाने होत. 2014 मध्ये पुन्हा एकदा नऊ सामने जिंकून झाल्यावर पेलिनींनाही निरोप मिळाला. त्यानंतर आलेल्या माइक रायली यांनी 2016 साली कसेबसे नऊ विजय मिळवले, आणि तेव्हापासून 2025 पर्यंत हा आकडा नेब्रास्काला एकदाही दिसलेला नाही. 2017 ते 2023 या काळात तर हंगामाअखेरच्या बोल सामन्याला लागणारे सहा विजयसुद्धा जमले नाहीत. ज्या नऊ विजयांना पाहून नाके मुरडली, त्यांच्यासाठी आता लोक नवस बोलायचे बाकी राहिले आहेत.

‘थोडे थांबा’ म्हणणाऱ्यांना याहून भक्कम पुरावा कोणता हवा? पण ‘आता पुरे’ म्हणणारे लगेच स्कॉट फ्रॉस्टचे नाव घेतात. फ्रॉस्ट याच मातीतला, 1997 च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, आणि फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाचा कोच म्हणून 2017 मध्ये अपराजित राहून परतलेला. गावचा मुलगा नाव काढून घरी आला म्हणून राज्याने त्याला डोक्यावर घेतले आणि त्याच कौतुकापायी चार वर्षे सगळे पोटात घातले. 2021 साली त्याचा संघ नऊ सामने हरला आणि त्यांतला एकही दहा किंवा त्याहून जास्त गुणांनी हरला नाही. त्या वर्षीचे वाद मला आजही आठवतात, कारण एकाच आकड्यावरून निम्मे लोक ‘बघा, किती जवळ आलो आहोत’ म्हणत होते आणि निम्मे ‘बघा, जिंकायचे कसे हेच याला ठाऊक नाही’ म्हणत होते. अखेर सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नसारख्या दुय्यम संघाकडून घरच्या मैदानावर हार झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काढले.

इथे बायआउट नावाची गोष्ट येते. मुदतीआधी करार मोडला तर विद्यापीठाने कोचला द्यायची ती भरपाई. फ्रॉस्टची भरपाई त्या दिवशी सुमारे दीड कोटी डॉलर होती आणि तीन आठवडे कळ काढून 1 ऑक्टोबरची वाट पाहिली असती तर ती निम्म्यावर येणार होती. तेवढाही दम धरला गेला नाही. अर्थात टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 2023 साली जिंबो फिशर यांना घरी बसवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम कबूल केली, म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर. त्यापुढे आमचे विद्यापीठ काटकसरीच म्हणायचे. हा पैसा देणगीदारांकडून, तिकिटांतून आणि टीव्हीच्या हक्कांतून येतो हे खरे. तरीही एरवी डॉलरभराचे कूपन जपून कापणारी माणसे या रकमांबद्दल इतक्या सहजपणे बोलतात की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे.

जुन्याला काढायचे ठरले की नवा कोण, यावर चर्चेला रंग चढतो. लग्नाच्या मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी नावे पुढे येतात: हा शिकलेला आहे पण फार लांबचा, तो घरंदाज आहे पण आधीची नोकरी टिकली नाही, तिसरा सर्वगुणसंपन्न पण तो आपल्याकडे कशाला येईल? काही उत्साही लोक खासगी विमानांचे मार्ग इंटरनेटवर पाहत बसतात आणि लिंकनहून एखादे विमान भलत्याच गावी उतरले की बोलणी पक्की झाल्याची वार्ता पसरवतात.

राज्यशास्त्राच्या तिघा अभ्यासकांनी 2012 मध्ये या प्रश्नाला आकड्यांनी हात घातला होता. ज्या संघांनी कोच बदलला त्यांची तुलना त्यांनी तशीच कामगिरी असूनही कोच न बदलणाऱ्या संघांशी केली. अगदी तळाच्या संघांना बदलाचा फारसा उपयोग झालेला दिसला नाही, आणि मधल्या फळीतल्या संघांचे तर बदलामुळे पुढची काही वर्षे नुकसानच झालेले दिसले. हे मी ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगितले. समोरच्याने शांतपणे एकच शब्द उच्चारला, ‘इंडियाना’. पराभवांच्या आकड्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या त्या विद्यापीठाने 2023 मध्ये केवळ तीन सामने जिंकल्यावर कोच बदलला, कर्ट सिग्नेटी आले, पहिल्या हंगामात अकरा विजय मिळाले आणि दुसऱ्या हंगामात थेट राष्ट्रीय विजेतेपद. असे एक उदाहरण डोळ्यांसमोर असताना सरासरीचे कोण ऐकतो?

माझे स्वतःचे मत असे झाले आहे की, हा वाद मुळात कोचबद्दल कमी आणि चाहत्यांच्या हतबलतेबद्दल जास्त असतो. या स्तरावर खेळू शकतील अशी मुले 20 लाखांच्या राज्यात मूठभरच निपजतात. बाकीची टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया इथून आणावी लागतात आणि जानेवारीत शून्याखाली वीस अंश असताना त्यांना मक्याच्या शेतांची शोभा दाखवावी लागते. 2011 मध्ये विद्यापीठाने जुनी साखळी सोडून बिग टेनमध्ये प्रवेश केला तेव्हा टेक्ससमधल्या विद्यापीठांशी होणारे दरवर्षीचे सामने संपले आणि तिथल्या मुलांशी असलेला धागाही विरला. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, संघ बदलणेही सोपे झाले आणि जिथे देणगीदारांची थैली मोठी तिथे गुणी मुले जाऊ लागली. यांतले काहीही तिकीट काढून बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात नाही. न थंडी हटवता येते, न टेक्सस जवळ आणता येते. बदलता येण्यासारखा एकच माणूस मैदानाच्या कडेला कानाला हेडसेट लावून उभा असतो. त्याला काढा म्हणणे हा साठ वर्षे स्टेडियम भरणाऱ्या लोकांचा हक्क आहे, आणि तो त्यांनी बजावू नये असे मला मुळीच वाटत नाही. फक्त त्या हक्काला शहाणपण समजू नये.

आमच्या ओळखीचे एक काका 1977 साली शिकायला म्हणून लिंकनला आले आणि इथेच स्थिरावले. त्यांचे दैवत टॉम ऑस्बॉर्न. 25 हंगाम, प्रत्येक हंगामात किमान नऊ विजय आणि तीन राष्ट्रीय विजेतेपदे, अशी त्या माणसाची कारकीर्द. पण काकांना आवडते ती सुरुवातीची गोष्ट सांगायला. ऑस्बॉर्न पहिली पाच वर्षे कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमा विद्यापीठाकडून ओळीने हरले होते आणि लोक कुरकुरू लागले होते. ‘‘अरे, तेव्हाही हेच चालायचे, चांगला आहे पण मोठे सामने जिंकत नाही,’’ काका सांगतात. ‘‘आणि 1978 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाने त्यांना बोलावले, ते जाऊन बघूनही आले, तेव्हा त्याच लोकांची झोप उडाली.’’

ही गोष्ट 2025 च्या ऑक्टोबरात आमच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडली. फ्रॉस्टनंतर आलेल्या मॅट रूल यांची ख्याती अशी की टेंपल आणि बेलर या दोन्ही विद्यापीठांत तिसऱ्या वर्षी त्यांनी चमत्कार घडवला. बेलरला तर पहिल्या वर्षी अकरा पराभव आणि तिसऱ्या वर्षी अकरा विजय. नेब्रास्कात हे तिसरे वर्ष होते, चमत्काराची चिन्हे काही दिसत नव्हती आणि कुजबूज सुरू झाली होती. इतक्यात पेन स्टेट विद्यापीठाने आपले कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढले. रूल पेन स्टेटचेच माजी खेळाडू, तेव्हा ते माहेरी जाणार, अशी आवई उठली आणि आठवडाभरापूर्वी त्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांना ते एकाएकी अनमोल वाटू लागले. काका त्या दिवसांत रोज फोन करीत. ‘‘काही कळले का रे? हा माणूस हातचा जाता कामा नये.’’ महिना संपण्याच्या आतच विद्यापीठाने रूल यांचा करार 2032 पर्यंत वाढवला आणि राज्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

नोव्हेंबरात संघ त्याच पेन स्टेटकडून 37-10 असा हरला आणि पाठोपाठ शेजारच्या आयोवाने घरच्या मैदानावर 40-16 असे झोडपले. त्या संध्याकाळी काकांचा फोन आलाच.

‘‘मला एक सांग, करार वाढवायची एवढी घाई कुणाला झाली होती?’’

‘‘काका, तुम्हालाच झाली होती.’’

‘‘ते सोड. बायआउट किती आहे ते बघून ठेव,’’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.