रविवार आणि हातोडी

जर्मनीतली दुपार. सव्वातीन वाजले होते. मी व्हॅनच्या मागच्या भागात गुडघे टेकून पत्र्यावरचं जुनं डांबरी पॅड छिन्नी-हातोडीनं काढत होतो. उघड्या दारात खालच्या मजल्यावरच्या आजी येऊन उभ्या राहिल्या. "आज रविवार आहे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मी ठोकत होतो ते आवाज कमी व्हावा म्हणूनच!

आमची गाडी १९९८ची फोल्क्सवागन टी-४, अर्थात सेकंडहँड. ताशी शंभरच्या पुढे गेली की शेजारी बसलेल्या बायकोशी ओरडून बोलावं लागायचं. अस्तराखालच्या फोमला बोट लावलं तर भुगा. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की तो फोम असाच विरतो. खाली जाड फेल्ट पाणी पिऊन बसलेलं आणि त्याखाली गंज. डांबरी पॅड आवाज अडवतात अशी माझी समजूत होती. ते अडवत नाहीत, पत्र्याची थरथर मारतात. वाजणाऱ्या ताटावर तळहात ठेवला की ताट गप्प होतं, तसं. म्हणून सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, निम्म्याहून कमी जागेत ब्युटिलचे, म्हणजे चिकट रबरी पॅडचे, तुकडे रोलरनं दाबून बसवले तरी पुरतं. वर पाणी न शोषणारा फोम. हे सगळं मी वाचलं ते अख्ख्या गाडीला पुरेल एवढं ब्युटिल मागवून झाल्यावर. पार्सल दोघांनी मिळून वर चढवलं. बायको अजून ऐकवते.

तर रविवार. जर्मनीत ही शांतता नुसती सोसायटीच्या नोटीसबोर्डावर नसते. १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं कलम १३९ त्यांनी १९४९च्या राज्यघटनेत जसंच्या तसं ठेवलं: रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस. माझं मन त्या दुपारी डांबरात होतं. वस्तीत रविवारी गवत कापायचं मशीनसुद्धा लावायचं नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, खळ्ळ होतं म्हणून. चर्चची घंटा मात्र वाजते, आणि रविवारीच जास्त. (पुण्याच्या वाचकांनी एक ते चार आठवून हसू नये.)

खरं सांगायचं तर हेवा वाटतो. आमच्या सांगलीत डॉल्बीच्या भिंतीनं घराच्या काचा थरथरतात तेव्हा आम्ही खिडक्या लावून घेतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. पण तिथं भर दुपारी हातोडी ऐकून कुणी खाली आलं असतं तर "काय काढलंयस रं?" विचारायला आलं असतं आणि टॉर्च धरून उभं राहिलं असतं. निदान त्या रविवारी, छिन्नी पेटीत ठेवताना, मी स्वतःला हेच सांगत होतो.

काकांकडे मॅटाडोर होती. आकुर्डीला बनलेली, पण मूळ आराखडा जर्मन, हानोमाग कंपनीचा. आपला 'टेम्पो' हा शब्दसुद्धा हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांवरून आलेला. त्या मॅटाडोरमध्ये काका हातवारे करून बोलायचे आणि आम्हाला ती गाडीची खोड वाटत नसे, काकांची वाटायची. तिला आतून काही लावावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. गाडी चालू आहे हे कळायला नको का?

सोमवारी संध्याकाळी दाराशी एक हीट गन होती, वायर नीट गुंडाळलेली. आजींच्या दिवंगत यजमानांची. सोबत चिठ्ठी: हिचा आवाज कमी होतो. खरंच होतो. पॅड गरम केलं की तव्यावरून पोळी सुटावी तसं अलगद निघतं, छिन्नी लागतच नाही. दोन संध्याकाळींत, आठच्या आत, मजला मोकळा झाला. गंज घासला, रंग दिला, ब्युटिल बसवलं. आता शंभरवर बायकोचं बोलणं ऐकू येतं. मागच्या दाराची कुरकुरही.

ब्युटिल भरपूर उरलं. हीट गन परत करायला गेलो तेव्हा आजींनी वॉशिंग मशीनच्या पत्र्यासाठी दोन तुकडे मागितले. शनिवारी जाऊन लावून दिले. रोलर फिरवताना मी घड्याळ दोनदा बघितलं.