पत्रकावर चर्चचं नाव असू द्या

बुधवार, रात्र

निर्वासित आणि स्थलांतरितांसाठी चर्च चालवतं त्या इंग्रजीच्या नव्या वर्गाचं पत्रक छापायला जायची वेळ आली की तोच प्रश्न निघतो: वर्ग चर्चचा आहे हे लिहायचं का? लिहायचंच, आणि ठळक. ‘इंग्रजीचा मोफत वर्ग. चालवणारं चर्च अमुक. वर्गात प्रार्थना किंवा बायबल-अभ्यास नाही. हवा असेल त्यांच्यासाठी वेगळ्या दिवशी आहे.’ एवढा मजकूर येणाऱ्यांच्या भाषांतही हवा. इंग्रजी न येणाऱ्यासाठीच तर पत्रक आहे. व्याकरण शिकायला आलेल्या माणसाला अर्ध्या तासानंतर अचानक संदेश ऐकवला, की तो पुढच्या आठवड्यात येत नाही आणि त्याच्या ओळखीचेही येत नाहीत. बायबलमध्ये मत्तय २५:३५ मध्ये प्रभू म्हणतो, मी परका होतो आणि तुम्ही मला जवळ केलंत. परक्याने आधी काय ऐकून घ्यावं, अशी अट तिथे नाही.

पहिल्या दिवशी लेखी परीक्षा नको. पाच मिनिटं बोलावं, मग नाव-पत्त्याचा छोटा फॉर्म द्यावा आणि पेन्सिल कशी धरली जाते ते पाहावं. एखाद्याला स्वतःच्या भाषेतही लिहिता-वाचता येत नसतं. दुसरा पदवीधर असतो, फक्त लिपी नवी. ‘दोघांनाही इंग्रजी येत नाही’ म्हणून त्यांना एका बाकावर बसवलं तर दोघंही गळतात. अरबी किंवा फारसी वाचणारा ओळ उजवीकडून सुरू करतो, वही आपल्या मते मागून उघडतो. त्याला हसू नये, खोडू नये. पानाच्या डाव्या कडेला रंगीत ठिपका द्यावा, आठवड्याभरात हात वळतो. आणि नावाच्या रकान्यांवर घाई करू नये. इथिओपियात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं, म्यानमारमध्ये आडनावाची पद्धतच नाही. ‘सरनेम’च्या चौकटीत काय लिहायचं हा त्यांच्यासाठी खरा पेच असतो. पासपोर्टवर आहे तसंच सगळीकडे लिहा, असं सांगावं. दोन कागदांवर दोन नावं पडली की पुढची कामं अडतात.

एका गटात ८ ते १२ माणसं, ९० मिनिटं, एका वेळी ८-१० नवे शब्द. याहून जास्त शब्द वहीत जातात, तोंडात येत नाहीत. शब्दांची निवड माणसाच्या आठवड्यावरून करावी: दवाखान्याची वेळ घेणं, घरमालकाला नळ गळतोय हे सांगणं, फोनवर नावाचं स्पेलिंग देणं. तारखेवर तर अख्खा एक तास द्यावा. ०३/०४ म्हणजे ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. भेटीची चिठ्ठी चुकीची वाचली की पुढची तारीख मिळेपर्यंत ताटकळावं लागतं.

‘समजलं का?’ हा प्रश्न वर्गातून हद्दपार करावा. उत्तर नेहमी ‘यस’च येतं, भिडेखातर. त्याऐवजी विचारावं: ‘मंगळवारी जायचंय की बुधवारी?’ स्वयंसेवकांची मोठी चूक म्हणजे मोठ्याने आणि मोडकं बोलणं. ‘यू गो डॉक्टर?’ असं आपणच बोललो तर ते तेच शिकतात. वाक्य पूर्ण ठेवावं, वेग कमी करावा.

उच्चारांत एक गंमत कामाला येते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पार्क’चं ‘बार्क’ होतं. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरायची: इंग्रजी ‘पी’ला ती उडते, ‘बी’ला जवळजवळ हलत नाही. फक्त आपण मराठी माणसं ‘पी’ला आपला ‘प’ वापरतो, त्यात श्वास सुटत नाही, म्हणून आपल्यासमोरही पट्टी हलत नाही. आधी स्वतः सराव करून यावं.

गळती आपल्याला वाटतात त्या कारणांनी होत नाही. कामाची पाळी बदलते, मूल आजारी पडतं, शेवटची बस लवकर सुटते. म्हणून प्रत्येक तास स्वतंत्र हवा, दोन आठवडे चुकलेला माणूसही बसू शकेल असा. आणि मुलं सांभाळायला शेजारच्या खोलीत दोन जण असतील तरच मुलांच्या आया वर्गाला येतील. मुलांजवळ एकटं कुणीही नको.

गुरुवार

राहिलेलं आज लिहितो. बायबललाच पाठ्यपुस्तक करा, असा आग्रह होतो. मला तो पटत नाही. नवख्याला ‘शेफर्ड’ आणि ‘विनयार्ड’च्या आधी ‘रिसीट’ आणि ‘प्रिस्क्रिप्शन’ हवं. शिवाय बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये अध्याय २ मध्ये, जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये ऐकली ती आपापल्या भाषेत. मग अंतःकरणाची गोष्ट मोडक्या इंग्रजीत का सांगायची? बायबल-अभ्यासाच्या संध्याकाळी त्यांच्या भाषेतलं पवित्र शास्त्र असावं, आणि आमंत्रण एकदाच, कागदावर. शिकवणाऱ्याने पुन्हा विचारू नये. उपकाराखाली असलेल्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं.

फोटो काढू नयेत. चर्चमध्ये दिसल्याची किंमत मागे राहिलेल्या नातलगांना मोजावी लागू शकते. कुणी बाप्तिस्मा मागितला तर पाळकांनी सावकाश शिकवावं. आश्रयाच्या अर्जात धर्मांतराची कसून चौकशी होते, त्यामुळे घाई त्या माणसालाच भोवते.

फ्रँक लॉबाक हे मिशनरी १९३० च्या सुमारास फिलिपिन्समधल्या लनाव भागात मारानाव मुसलमानांना वाचायला शिकवत होते. पैसे आटले तेव्हा शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवायचं असं ठरलं. आपणही दुसऱ्या सत्रापासून मदतनीसाची खुर्ची जुन्या विद्यार्थ्याला द्यावी, तो कोणत्याही धर्माचा असो. पहिले दोन तास मात्र त्याच्या शेजारी बसावं. प्रेमापोटी तो सगळंच मातृभाषेत समजावून टाकतो आणि इंग्रजी फळ्यावरच राहतं.