ब्रसेल्समध्ये पाव किलो

पहिल्याच दुपारी चूक केली. ग्राँ प्लास या मुख्य चौकाजवळच्या गल्लीत ‘तीनवर एक फुकट’ अशी पाटी दिसली आणि चॉकलेटचे आठ डबे उचलले. ते नागपुरात, मे महिन्यात उघडले, तर चॉकलेटवर पांढुरकी साय! घरच्यांना वाटलं बुरशीच. वितळून पुन्हा गोठलेल्या कोको बटरचा तो थर. खाल्लं तर बाधत नाही, पण चव गेलेली असते.

खरी जागा तिथून पाच मिनिटांवर होती. गॅलरी सँ युबेर ही काचेच्या छताची बाजारपेठ 1847 सालची. 1857 मध्ये ज्याँ नॉयहाउस या मूळच्या स्वित्झर्लंडच्या माणसाने इथे औषधाचं दुकान काढलं. औषध कडू लागू नये म्हणून त्यावर चॉकलेट चढवायचा. आपल्याकडे मधातून चाटण देतात ना, तसंच. नातवाने 1912 मध्ये औषध काढून आत सारण भरलं, तीच बेल्जियन प्रालिन. कागदाच्या पुडीत ती चेंगरायची, म्हणून 1915 मध्ये त्याच्या बायकोने, लुईझ अगोस्तिनीने, बॅलोतँ हा पुठ्ठ्याचा खोका काढला. ते दुकान आजही तिथेच आहे.

काउंटरवर वजनावर मिळतं. मिठाईवाल्याला सांगतो तसं ‘मिक्स द्या’ म्हणू नका. एकेक बोटाने दाखवा, हातमोजे घातलेली बाई तसं भरते. पाव किलो दोघांना पुष्कळ होतं. मानोन ही क्रीम भरलेली प्रालिन घ्याच, आणि हेझलनटच्या सारणाची एखादी. काहींत मद्य असतं, काहींत अंडं. शाकाहारी असाल तर आधी विचारा. ताज्या क्रीमची प्रालिन फार टिकत नाही, ती तिथेच संपवा. घरी न्यायला साध्या वड्या बऱ्या, त्याही हँडबॅगेत. चॉकलेट स्प्रेडची बाटली मात्र चेक-इनमध्ये टाका, सुरक्षा तपासणीत ती द्रवपदार्थात धरतात.

सॅब्लों चौकात पिएर मार्कोलिनी या चॉकलेटवाल्याचं दुकान आहे. दागिन्यांच्या पेढीत शिरल्यासारखं वाटलं, भावही तसेच. मी दोनच घेतल्या. रोजच्या खाण्याला लिओनिदासची चॉकलेटची दुकानं स्वस्त, आणि तिथे स्थानिक लोकही दिसतात. मला तेच जास्त आवडलं.

एक दुपार मात्र चॉकलेटविना घालवा. मोंगोमरीहून 44 नंबरची ट्राम झाडीतून तेर्व्युरेनला जाते, तिथे आफ्रिका संग्रहालय आहे. बेल्जियममध्ये कोकोचं एक झाड उगवत नाही. बिया येतात आफ्रिकेतून, अँटवर्प बंदरात. काँगो 1908 ते 1960 बेल्जियमची वसाहत होती, त्याआधी राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता. त्या काळातले अत्याचार वाचून बाहेर आलो, तेव्हा खिशातली प्रालिन काढावीशी वाटेना.

संध्याकाळी काढलीच. उरलेला खोका दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या गाडीत संपला, आणि तो प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा.